स्टिअरिंग दुपारीच का जड होतं?

‘नो फॉल्ट फाउंड.’

तीन शब्द. जॉब कार्डवर लिहायला पाच सेकंदही लागत नाहीत. डिप्लोमाच्या सहा आठवड्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये मी ते लिहिले, खाली ऐटीत सही ठोकली आणि डबा खायला गेले. त्या तीन शब्दांपायी एका माणसाची दोन दिवसांची अर्धी हजेरी कापली गेली. म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुम्ही मेकॅनिकलला असा, आयटीआयला असा किंवा बीए करत असा. ‘आम्हाला तरी काही सापडलं नाही’ हे वाक्य कधी ना कधी तुमच्याही तोंडी येणार आहे.

झालं असं की, आमच्या वर्कशॉपकडे पुण्याबाहेरच्या एका गोल्फ कोर्सवरच्या मशीनची देखभाल होती. तिथे गवत कापायचं मोठं मशीन असतं, रील मोअर. आपल्या सोसायटीच्या बागेत माळी ढकलतो तसलं नाही. यावर माणूस बसतो, डिझेल इंजिन असतं, पुढे गवत कापणारे पाच रोलर आणि वजन टनाच्या आसपास. ते चालवणारे काका कंत्राटी कामगार. त्यांची तक्रार एवढीच होती, ‘ताई, सकाळी लोण्यासारखं चालतंय. दुपारी स्टिअरिंग असं जड होतंय की दंड भरून येतात.’

सुपरवायझरचं मत वेगळं होतं. दुपारी कापलेल्या गवताचे पट्टे वाकडे येत होते आणि त्यांच्या मते काकांना उन्हात काम नको होतं. मी सकाळी साडेनऊला गेले, मशीन सुरू केलं, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवलं. खरंच लोण्यासारखं. तेलाची पातळी बरोबर, गळती कुठेच नाही. लिहिलं, ‘नो फॉल्ट फाउंड’.

काय चुकलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तक्रार दुपारची होती आणि मी तपासलं सकाळी!

दांडा नाही, तेल आहे

पुढचं कळायला हे स्टिअरिंग चालतं कसं ते बघू. घाबरू नका, दहावीच्या विज्ञानापलीकडे काही नाही.

गवत कापायच्या यंत्राचा शोध इंग्लंडमधल्या एडविन बडिंगचा. 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. कापड गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. ते यंत्र माणूस ढकलायचा, म्हणून वळवायचा प्रश्नच नव्हता. पॉवर स्टिअरिंग आलं गाड्यांमुळे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने 1920 च्या दशकात ते बनवून दाखवलं. पण विकत मिळणाऱ्या मोटारीत यायला 1951 उजाडलं. ती मोटार क्रायस्लरची इम्पीरियल.

जुन्या कारच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये चाकापर्यंत लोखंडी दांडे जातात, तेल फक्त हातभार लावतं. मोठ्या मोअरमध्ये मात्र स्टिअरिंग आणि चाक यांच्यात दांडाच नसतो. असतात फक्त तेलाचे होज पाइप. स्टिअरिंगच्या खाली एक गोल युनिट असतं. गॅरेजात त्याला ऑर्बिट्रोल म्हणतात. त्याच्या पोटात साधारण सहा दात्यांची एक चांदणी, सात खाचांच्या कड्यात फिरते. तुम्ही स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढंच तेल ही चांदणी मापून पुढे पाठवते. ते तेल सिलिंडरमध्ये जातं, पिस्टन ढकलतं आणि चाकं वळतात. सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचं तेल टाकीत परत येतं.

तेलाला दाब देतो इंजिनवर चालणारा पंप. ताकदीचा अंदाज घ्यायचा? समजा सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास 40 मिलिमीटर आहे आणि दाब 70 बार. क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर जवळपास 900 किलोचा. आणि तुम्ही स्टिअरिंग फिरवताय दोन बोटांनी. पास्कलचा नियम परीक्षेत दोन मार्कांना येतो, इथे तो टनभर लोखंड वळवतो.

आणि इंजिन बंद पडलं तर? तरीही चाकं वळतात, कारण मग तीच चांदणी हातपंपासारखी काम करते. फक्त जोर सगळा तुमच्या दंडाचा. काकांचं ‘दंड भरून येतात’ हे वाक्य आठवा. ते गाऱ्हाणं नव्हतं, रिपोर्ट होता! पंपाकडून येणारं तेल कमी पडतंय आणि हातपंप चालू झालाय, हे ते त्यांच्या भाषेत सांगत होते.

पहिला प्रश्न माणसाला

तीन दिवसांनी पुन्हा फोन आला. तळ्याच्या कडेला, उतारावर वळताना मशीन वेळेत वळलं नाही. काकांनी ब्रेक मारला, पुढचे रोलर काठापर्यंत गेले होते. या वेळी आमचे मिस्त्री स्वतः निघाले आणि मला म्हणाले, ‘चल गं पोरी, तुझी सही बघायला जाऊ.’

मिस्त्रींनी टूलबॉक्स उघडलाच नाही. काकांना घेऊन झाडाखाली बसले आणि विचारत राहिले. जड दोन्ही बाजूंना होतं की एकाच? हळूहळू होतं की झटक्यात? आवाज येतो का? रोलर उचलायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? इंजिनचा टेम्परेचरचा काटा कुठे असतो? मध्ये कुणी तेल टाकलं, पाइप बदलला?

यातला प्रत्येक प्रश्न निम्मी कारणं बाद करतो. स्टिअरिंग एकाच बाजूला जड असेल, तर संशय पंपावर फारसा जात नाही, कारण पंप दोन्ही बाजूंना सारखंच तेल देतो. मग त्या बाजूचा होज, युनिटमधला त्या बाजूचा व्हॉल्व्ह किंवा दांड्यांची अडकण बघायची. झटके देत असेल आणि पंप किंचाळत असेल, तर तेलात हवा शिरतेय. बहुतेक वेळा टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप सैल असते. गंमत म्हणजे तिथून तेल बाहेर गळतंच असं नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून ‘गळती नाही’ म्हणजे ‘सगळं ठीक’ असं नव्हे.

तेल दुधाळ दिसलं तर? थोडं पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. हवा असेल तर बुडबुडे वर जाऊन तेल स्वच्छ होतं. पाणी असेल तर ते गढूळच राहतं किंवा पाणी तळाशी बसतं. लॅब नको, रिकामी बाटली पुरते. अट एकच, वाट बघायची तयारी हवी.

काकांची उत्तरं अशी होती. दोन्ही बाजूंना जड. हळूहळू होतं, अकरानंतर जाणवायला लागतं. रोलरही दुपारी सावकाश उचलले जातात. काटा लाल पट्ट्याच्या खालीच असतो, पण सकाळपेक्षा वर.

मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हे तू विचारलंस?’

मी नव्हतं विचारलं.

शेजाऱ्याकडे बघा

रोलरचा प्रश्न या तपासातला सगळ्यात हुशार प्रश्न होता. अशा बऱ्याच मशीनमध्ये स्टिअरिंग आणि रोलर उचलणारी लिफ्ट यांना एकाच पंपाचं तेल मिळतं. घरात नळाला पाणी कमी आलं की आपण काय करतो? शेजाऱ्याला हाक मारतो, ‘तुमच्याकडे येतंय का?’ त्याच्याकडे येत असेल तर बिघाड आपल्या घरात. त्याच्याकडेही नसेल तर टाकीत.

इथेही तसंच. लिफ्ट टणटणीत आणि स्टिअरिंग जड, तर पंपाला सहसा हात लावायचा नाही. ऑर्बिट्रोल, सिलिंडर, तेल आधी स्टिअरिंगकडे वळवणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह किंवा चाकांचे सांधे तपासायचे. दोन्ही सुस्त असतील, तर कारण दोघांच्या सामाईक वाटेवर असतं. म्हणजे तेल, फिल्टर, पंप, दाबाचा रिलीफ व्हॉल्व्ह.

सांध्यांची परीक्षा तर आणखी सोपी. इंजिन बंद करायचं, वळणारी चाकं जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची, सिलिंडरचा दांडा चाकापासून सोडवायचा आणि चाकं हाताने हलवायची. अशा मोअरमध्ये वळतात ती मागची चाकं, त्यामुळे मागची बाजू उचलायची. चाकं हाताने सहज हलली तर दोष तेलाच्या वाटेवर. नाही हलली, तर ग्रीसअभावी किंग पिन जाम झालीय आणि बिचारा पंप उगाच बदनाम होतोय. आणि हो, त्याआधी टायरची हवा बघा. कमी हवेचं चाक कोणतंही स्टिअरिंग जड करतं.

आमच्या मशीनची चाकं हाताने मस्त हलली. सकाळचे दहा वाजले होते. मिस्त्रींनी सगळं पुन्हा जोडलं आणि काकांना सांगितलं, ‘आता रोजच्यासारखं कापा. आम्ही बसतो.’

दोन तास काहीच न करणं

ते दोन तास मला फार जड गेले. कॉलेजात आपल्याला काहीतरी ‘करायची’ सवय लागलेली असते. पाना हातात नसेल तर आपण काम करत नाही, असं वाटतं. पण मिस्त्रींच्या मते त्या दिवसाचं खरं काम हेच होतं. ज्या स्थितीत बिघाड दिसतो, ती स्थिती येऊ देणं.

बाराच्या सुमाराला काकांनी हात केला. मी सीटवर बसले आणि स्टिअरिंग फिरवलं. तेच मशीन, तेच स्टिअरिंग, पण आता खांद्यापासून जोर लावावा लागत होता. तीन दिवसांपूर्वीची माझी सही डोळ्यांसमोर आली.

गरम झाल्यावरच का? कारण तेल तापलं की पातळ होतं. आयएसओ 46 ग्रेडचं साधं हायड्रॉलिक तेल घ्या. 40 अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी 46 सेंटिस्टोक असते. 100 अंशांना ती 7 च्या आसपास येते. पंपाच्या आत गिअर आणि बॉडीमध्ये बारीक फट असते. जाड तेल त्या फटीतून फारसं निसटत नाही, पातळ तेल मागच्या मागे परत जातं. पंप फिरतोय, आवाज येतोय, पण पुढे तेल कमी पोचतंय. रिकाम्या हाताने आलेल्या पाहुण्यासारखं, आलाय खरा पण आणलं काहीच नाही!

म्हणजे तेल प्रमाणाबाहेर तापतंय. मग तापतंय का? मिस्त्री ऑइल कूलरकडे गेले. बाहेरची जाळी स्वच्छ होती. काका ती रोज झटकत होते. पण कूलर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधली फट बाहेरून दिसत नाही. कूलर सोडवून पुढे झुकवला तर आत वाळलेल्या गवताचा भुसा अक्षरशः गादीसारखा दाबून बसला होता. हवा जायला वाटच नव्हती. त्यामुळेच इंजिनचा काटाही रोज थोडा वर जात होता. लाल पट्ट्याच्या खाली होता म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

इंजिन गार होऊ दिलं, आतून बाहेर हवा मारून भुसा काढला, कूलर बसवला आणि काकांना पुन्हा दोन तास कापायला लावलं. स्टिअरिंग हलकं राहिलं. अगदी सकाळइतकं नाही, पण दोन हातांचं काम पुन्हा एका हातावर आलं. एकही पार्ट विकत घ्यावा लागला नाही.

मिस्त्रींनी तरीही ‘काम फत्ते’ म्हटलं नाही. उरलेला जडपणा पंपाच्या झिजेमुळे असू शकतो, म्हणून त्यांनी कार्डवर लिहायला लावलं, ‘पंपाची फ्लो टेस्ट बाकी. तेल गरम असताना करावी.’ अंदाजाने नवा पंप मागवला नाही आणि पंप ठीक आहे असंही म्हटलं नाही. जेवढं बघितलं तेवढंच लिहिलं.

हात जाईल, सांभाळा

हे वाचून गावाकडच्या ट्रॅक्टरवर प्रयोग करायचा मोह होईल. पॉवर स्टिअरिंगच्या अनेक ट्रॅक्टरमध्ये, बॅकहो लोडरमध्ये, हार्वेस्टरमध्ये याच जातीचं युनिट असतं, त्यामुळे वरचे प्रश्न तिथेही चालतात. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

मशीन सपाट जागी उभं करा, ब्लेडचा ड्राइव्ह बंद करा, रोलर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी खिशात. दाबाखालच्या होजला बारीक छिद्र असेल तर ते बोटाने कधीही शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारं तेल कातडी भेदून आत जातं. सुरुवातीला टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही आणि माणूस म्हणतो, ‘काही नाही, जरा टोचलं.’ ही ऑपरेशनची इमर्जन्सी असते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठा आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, डोळ्यांवर गॉगल लावा.

इथेही तोच धडा बघा. ‘दुखत नाही’ म्हणजे ‘जखम नाही’ असं नसतं.

दुसरं, ऑर्बिट्रोल घरी उघडू नका. आतली चांदणी आणि तिचा शाफ्ट ठरावीक खुणेला बसवावे लागतात. खूण चुकली तर इंजिन सुरू होताच स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरू शकतं आणि मनगट मोडू शकतं. म्हणून जाणकार मेकॅनिकसुद्धा युनिट उघडून बसवल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना हात स्टिअरिंगपासून लांब ठेवतो.

बाहेरून करता येणारी एक परीक्षा मात्र आहे. मोकळ्या जागेत, उभ्या मशीनवर, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा आणि बेताचा जोर तसाच ठेवा. टोकाला ते थांबायला हवं. सावकाश पुढे सरकतच राहिलं तर तेल आतल्या आत निसटतंय, ऑर्बिट्रोलमध्ये किंवा सिलिंडरच्या सीलमधून. दोघांपैकी कोण, हे ठरवायला होज सोडून बघावा लागतो. ते काम मिस्त्रीचं. आणि टोकाला फार वेळ धरून ठेवू नका, तेल तापतं.

सही करण्याआधी

परत येताना मिस्त्रींनी मला नवीन रिपोर्ट लिहायला लावला आणि तो घेऊन सुपरवायझरच्या केबिनमध्ये मलाच पाठवलं. ‘जुन्यावर तुझी सही आहे ना? मग नवा पण तूच दे.’ मी सांगितलं, ‘माझी चूक झाली. मशीन गरम असताना तपासलं नव्हतं. ड्रायव्हरची तक्रार खरी होती.’ चार वाक्यं बोलताना घसा कोरडा पडला. तेव्हा कळलं की पहिल्या रिपोर्टनंतर ‘मशीन ओके आहे, म्हणजे माणूसच कामचुकार’ असं ठरवून काकांची हजेरी कापली होती. ती पुढच्या पगारात धरून दिली. पण तळ्याच्या काठाशी आणखी दोन फूट गेले असते तर कोणत्या पगारात काय धरून देणार होतो?

मशीन बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण लिहितो. आणि ते मशीन चालवणाऱ्या माणसाचं बोलणं खरं की खोटं, हेही नकळत आपणच ठरवून टाकतो. बहुतेक वेळा तो माणूस आपल्यापेक्षा कमी शिकलेला असतो, त्याला ‘व्हिस्कॉसिटी’ म्हणता येत नाही. पण दिवसाचे आठ तास त्याचे हात त्या स्टिअरिंगवर असतात. त्याच्याइतका चांगला सेन्सर कोणत्याही लॅबमध्ये मिळणार नाही.

तेव्हा इंटर्नशिपला, प्रोजेक्टला, पहिल्या नोकरीला जाल तेव्हा ‘बिघाड नाही’ लिहायच्या आधी खाली आणखी दोन ओळी लिहा. कधी आणि कोणत्या स्थितीत तपासलं? काय तपासायचं राहिलं? माझ्या कार्डवर तेव्हा एवढंच असतं, ‘सकाळी साडेनऊ, मशीन थंड. गरम असताना तपासणी बाकी’, तरी कुणाची हजेरी कापायची सुपरवायझरची हिंमत झाली नसती.

निघताना काका मशीनवर चढत होते. मी सॉरी म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, ‘राहू द्या ताई. पुढच्या वेळी दुपारी या, म्हणजे झालं.’